निळा कोट आणि कापसाची खोली

कपाटात कपडे किती असावेत, कोणते असावेत आणि ते अंगावर चढवून माणसानं छाती कशी पुढे काढावी, या विषयावर आता मला कुणी काही शिकवू नये! आमच्या कॉलनीत या बाबतीत माझ्याइतका अनुभवी माणूस दुसरा नाही. अनुभव काय आला ते सांगतोच. पण ज्याला आला तो माणूस कसा होता, ते आधी ऐका.

मी कुंदन महाजन. जळगावात एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. स्वभावानं जरा भित्रा. माझी बायको दीपमाला यातला 'जरा' काढून सांगते. आमच्या प्रयोगशाळेत बरणीत एक मेलेला नाग आहे. नोकरीला लागल्यापासून आजपर्यंत मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलेलो नाही! दुकानात शिरलो की काही न घेता बाहेर पडायची मला भीती वाटते, म्हणून घरात छत्र्याच छत्र्या झाल्यात. रिक्षावाल्यानं चुकीच्या गल्लीत नेलं तर मी तिथंच उतरतो, 'इथंच, इथंच' म्हणतो आणि घरापर्यंत चालत येतो. उगाच कशाला त्याला दुखवा!

असा माणूस मुलीचा बाप झाला, आणि मुलगी लग्नाची झाली.

मोहिनीनं मुलगा स्वतःच पसंत केला होता. धुळ्याला कॉलेजात दोघं एका वर्गात. मुलाचं नाव हर्षल. शांत, हसरा, धुळ्यातच चांगली नोकरी. घरची शेती पारोळ्याजवळ बोरदडी गावात. सगळं कसं छान! अडचण एकच, मुलाचे वडील. झुलाल आबा!

दीपमालाची मावशी धुरपदाबाई पारोळ्याला असते. दोन्ही घरं तिच्या ओळखीची, म्हणून बोलणी तिच्यामार्फत चालली होती. तिनं फोनवर सांगितलं, "झुलाल आबा मनाचा साफ आहे हो. पण आवाज असा, की तो ओरडला तर शेजारच्या शेतातले बैल थांबतात! आणि समोरचा माणूस मिळमिळीत दिसला की त्याचं डोकंच फिरतं. मागे एका पाहुण्यांना चहा न पाजता परत पाठवलंय."

फोन स्पीकरवर होता. तिघींनीही माझ्याकडे पाहिलं. तिसरी पलक. पलक म्हणजे शेजारच्या भंवरलालभाऊंची नात, पुण्याला फॅशन डिझायनिंग शिकून आलेली. साखर मागायला आली होती आणि वाटी हातात घेऊन ऐकत उभी होती.

"बाबा," मोहिनीचा आवाज रडवेला झाला होता, "तुम्ही तिथं काही बोलू नका हवं तर. फक्त थरथरू नका."

"मी कुठं थरथरतो!" मी म्हणालो. हातातल्या कपातला चहा बशीत सांडला.

पलकनं साखरेची वाटी खाली ठेवली. "काका, कपाट दाखवा."

कपाट उघडलं. पलक एकेक शर्ट पुढे सरकवत विचारू लागली.

"हा चॉकलेटी?"

"तो दीपमालाच्या आतेभावाच्या लग्नातला. शर्टपीस आला होता, शिवून घेतला."

"हा पोपटी?"

"वास्तुशांतीचा. माझ्या साडूंकडची."

"आणि हा पट्ट्यापट्ट्यांचा?"

"तो बारशाचा असावा. नाहीतर साठीशांतीचा."

"काका, यातला तुम्ही स्वतः दुकानात जाऊन, आवडला म्हणून घेतलेला कोणता?"

मी कपाटाच्या तळापर्यंत वाकून पाहिलं. रुमाल निघाले. तेही रिटायर झालेल्या सरांनी वाटलेले.

"तुम्हाला रंग कोणता आवडतो?"

मी दीपमालाकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडं काय बघता! रंग तुम्हाला विचारला ना!"

पन्नाशीला आलेल्या माणसाला कुणी असं विचारत नसतं. मी खूप विचार केला आणि हळूच म्हणालो, "निळा. पण चालणार असेल तर."

"चालणार!" पलक ओरडली, आणि माझ्या आयुष्याला वळण लागलं. आहेराचे सगळे कपडे गाठोड्यात गेले. त्यांच्या जागी मोजके, एकमेकांवर चालणारे, माझ्या मापाचे आणि माझ्या आवडीचे कपडे आले. पांढरे शर्ट, राखाडी पँट, काळे बूट. आणि सगळ्यांचा राजा म्हणजे गडद निळा कोट! तो अंगात घालून आरशासमोर उभा राहिलो तेव्हा मागून दीपमाला म्हणाली, "अगं बाई, कोण आलंय?" थट्टा नव्हती. तिला खरंच क्षणभर कळलं नव्हतं!

पलकनं धडेही दिले. हनुवटी वर. खांदे मागे. कुणी दिसलं की लगेच कंबरेत वाकायचं नाही, नुसती मान हलवायची. प्रश्न एकदाच विचारायचा, ठाम आवाजात. मोहिनीची पत्रिका आणि माहिती साडीच्या दुकानाच्या पिशवीत न्यायची नाही, काळ्या फोल्डरमध्ये न्यायची. वर मोहिनीची ताकीद, "गावात पोचलात की सेल्फी पाठवा. कसे दिसताय ते मला बघायचंय."

ठरल्या रविवारी सकाळी दीपमाला आणि मी बसनं पारोळ्याला उतरलो. मावशीला घेऊन तिघांनी बोरदडीला जायचं होतं. पण मावशीचं नेसून व्हायचं होतं, मग नथ सापडत नव्हती, मग सापडलेली नथ ही नव्हे असं निघालं. मी घड्याळाकडे पाहत होतो आणि डोळ्यांसमोर थांबलेले बैल येत होते.

"तुम्ही व्हा पुढं," दीपमाला म्हणाली. "उशीर नको. सांगा, बायका मागून येतायत म्हणून. आणि हा उन्हाचा चष्मा घाला, रस्त्याला धूळ फार असते."

मी फाट्यावर येऊन उभा राहिलो. हनुवटी वर, खांदे मागे, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काळा फोल्डर. तेवढ्यात एक पांढरी बोलेरो करकचून थांबली. ड्रायव्हरनं काच खाली केली.

"साहेब, कुठं सोडू?"

साहेब! मला! प्रयोगशाळेत तर पोरं मला 'ओ काका, स्पिरिट' म्हणतात. मी मान किंचित हलवली, ठाम आवाजात 'बोरदडी' म्हणालो आणि मागच्या सीटवर जाऊन बसलो. गाडीच्या पुढच्या काचेवर लाल अक्षरांत काहीतरी सरकारी लिहिलेलं होतं, पण आतून मला ते उलटं दिसत होतं आणि उलटं वाचायची मला सवय नाही.

गावाच्या तोंडाशी वीज मंडळाची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आहे. ड्रायव्हरनं बरोबर तिच्याखाली मला उतरवलं, सलाम ठोकला आणि तो पुढच्या गावाला निघून गेला.

लगेच आबांच्या दारात जायचा धीर होईना. म्हटलं, आधी मोहिनीला फोटो पाठवू, तेवढाच वेळ जाईल. मोबाईल वर धरला, मान वर केली, फोटो काढला. त्यात डोळे मिटलेले आले. दुसरा काढला, त्यात अंगठा आला. उजेड बरोबर नाही म्हणून पुढच्या खांबाखाली गेलो. मोबाईल वर, मान वर, फोटो. तिथं चेहऱ्यावर तारांची सावली. मग त्याच्या पुढचा खांब. असे बरेच खांब झाले. वर पाहताना दिसलं की प्रत्येक खांबावरून घराघरांकडे वायरींची जाळीच्या जाळी गेलीय. मनात म्हटलं, वा, गाव सुधारलेलं दिसतंय!

पारावर एक माणूस शेळीची दोरी धरून बसला होता. तो माझ्याकडे असा बघत होता, जशी आमची परीक्षेतली पोरं सुपरवायझरकडे बघतात. मी मान हलवली आणि पलकनं शिकवलेल्या ठाम आवाजात विचारलं, "झुलाल आबांचं घर कुठलं?"

त्याच्या हातातली दोरी सुटली. "आबा? कोन आबा? आमना गावमा आबाच नही!"

"झुलाल आबा. मला त्यांच्याकडे जायचंय."

"अरे बाप रे!" म्हणून तो शेळी तिथंच टाकून गल्लीत पळाला. पळता पळता ओरडत गेला, "उना रे उना! काढा रे! काढा! पया!"

मला अहिराणी बोलता येत नाही, पण कळते. 'आला रे आला, पळा!' कोण आला? मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं, शेळी सोडून.

आणि मग सगळं एकदमच सुरू झालं. गिरणीचा टुकटुक आवाज अचानक बंद पडला. देवळातल्या भोंग्यावर भजन चाललं होतं, ते मधल्याच शब्दावर थांबलं, जणू कुणी गळा आवळला! दारं धडाधड लागली. खिडक्या लागल्या. घराघरांच्या गच्चीवर माणसं लांबलांब बांबू घेऊन चढली आणि वर काहीतरी ढोसू लागली. बायका पोरांना ओढून आत नेत होत्या. "उना! उना!" सगळीकडून एकच आरोळी.

लख्ख उजेड पडला डोक्यात. बिबट्या! त्याच आठवड्यात पेपरात बातमी वाचली होती. आमच्या भागात एक बिबट्या फिरतोय, उसात दिसला, केळीत दिसला. आणि आता तो बोरदडीत शिरला होता! गच्चीवरचे बांबू त्याच्याचसाठी! आणि सगळं गाव दाराआड असताना उघड्या रस्त्यावर उरलं होतं कोण? मी आणि शेळी. बिबट्या शेळीसाठी येतो हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं!

मी पळालो. नवे बूट टाचेला लागत होते, फोल्डर छातीशी धरला होता, कोट मागे फडफडत होता. ज्या गल्लीत शिरेन तिथली माणसं मला पाहून आणखी जोरात पळायची. मला वाटायचं, माझ्या मागेच आहे तो! मागे बघायची हिंमत नव्हती.

एका वळणावर पुढे एक म्हातारबा दिसले. धोतर, टोपी, हातात बांबू. त्यांनी एका खांबावरून वायर खाली ओढली, मला पाहिलं आणि धूम ठोकली. मी विचार केला, या माणसाला गाव माहीत, हा जाईल तिथं आपण वाचू. मी त्यांच्या मागे लागलो.

"आबा, थांबा! थांबा!"

"नही थांबत!" असं ओरडून त्यांनी बांबू फेकला आणि उभ्या बैलगाडीच्या जुवावरून उडी मारली. त्या वयात तशी उडी मी कुठे पाहिलेली नाही! मीही उडी मारायला गेलो, पण आडवा पडून पलीकडे गेलो. उठून कोपरा वळलो तर म्हातारबा गायब.

समोर एका घराचं मागचं दार उघडं होतं. आत शिरलो. पुढं एक अंधारी खोली दिसली. आत घुसून कडी घातली. पाऊल टाकलं तर गुडघ्यापर्यंत रुतलो. कापूस! भाव वाढायची वाट बघत खोलीभर छताला टेकेल एवढा कापूस रचला होता. मी त्यात छातीपर्यंत घुसलो आणि श्वास रोखून बसलो.

तेवढ्यात कापूस बोलला.

"कोन शे?"

मी कापसात आणखी खाली सरकलो. शेवटी म्हणालो, "मी... मी पण लपलोय."

"कडी लाई का?"

"लावली."

"तो कोठे शे?"

"बाहेरच असणार. तुम्ही पाहिला त्याला?"

"दखा म्हंजे! मना मांगेच लागना व्हता!"

"तुमच्या मागं? मग वाचलात कसे?"

"पयनू!" कापूस धापा टाकत होता.

"मोठा आहे का हो?"

"मध्यम शे. पन चाल काय त्यानी! मान वर करीसन चालस. कोनले डरत नही."

"डरकाळी फोडली का?"

"'थांबा, थांबा' म्हने!"

मी जरा गोंधळलो. भीतीनं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला असावा. "रंग कसा होता?"

"निया!"

निया म्हणजे निळा हे कळायला मला एक क्षण लागला. "निळा? बिबट्या?"

"कसाना बिबट्या! लाईटवाला सायेब शे तो! चोरीनी वीज धराले येल शे! निया कोट, डोयावर काया चष्मा, हातमा काई फाईल. बठ्ठा खांबंसना फोटो काढात त्यानी! सरकारी गाडीथून उतरना. तारवरना बठ्ठा आकडा काढता काढता गावनी दमछाक व्हयनी!"

बठ्ठा म्हणजे सगळे: सगळ्या खांबांचे फोटो, तारांवर टाकलेले सगळे चोरीचे आकडे! मी हातातल्या फोल्डरकडे पाहिलं. अंधारात तो दिसला नाही, पण तो काळा होता हे मला माहीत होतं. कोटाच्या बाहीला हात लावला. अंगातून कुणीतरी वीजच सोडावी तसं झालं. गच्चीवरचे बांबू, बंद पडलेली गिरणी, अर्धवट भजन... बिबट्या मीच होतो!

"आन सायेबनी घर कोनं इचारं मालूम शे का?" आवाज खोल गेला. "मनं! नाव लिसन! 'झुलाल आबांचं घर कुठलं' म्हने!"

मी तोंडावर हात दाबला. ज्या माणसाच्या धाकानं मी जळगावहून निळा कोट चढवून आलो होतो, तो माणूस त्या निळ्या कोटाला भिऊन माझ्याशेजारी कापसात बसला होता! बैल थांबवणारा आवाज तो हाच. आता पिसाएवढा हलका झाला होता.

"आन आजच..." तो पिसाएवढा आवाजही थरथरला. "आज जयगावथून याही येनार शेतस, मना पोऱ्यानी सोयरीक कराले. शिकेल मानसं, शहरना. त्यास्ना समोर सायेबनी मना हात धरा तं? पोऱ्यानं जमेल मोडी जाई हो. तो कईनपाशीन त्या पोरनं नाव लई ऱ्हायना. बठ्ठा लोके म्हंतस झुलाल आबा कडक शे. कडक कसाना! मोठा आवाज काढा का लोके मांगे सरतस, म्हनीसन काढस. माले बी भ्याव लागस, भाऊ."

"मलाही," मी म्हणालो. आणि खरं सांगतो, ते बोलताना आवाज अजिबात कापला नाही.

पण 'तो साहेब मीच' हे सांगायची छाती होईना. मी हळूच कोट काढला. चष्मा कोटाच्या खिशात कोंबला. कोटाची घडी केली आणि हात जाईल तिथवर खोल कापसात खुपसून दिला. मग म्हणालो, "आबा, जळगावचा व्याही मीच."

कापसात कुणीतरी माझ्या बाजूला वळलं.

"तुम्ही? कापूसमा?"

"मला वाटलं, बिबट्या आलाय."

आधी एक खुसफूस झाली. मग कापूस हलायला लागला. मग सगळा ढीगच गदागदा हलू लागला. झुलाल आबा हसत होते! तोंडात कापूस जात होता, ठसका लागत होता, तरी हसत होते. "म्हंजे तुम्ही बिबट्याले भ्यायनात... आन मी सायेबले!" मीही हसलो. जमलं, म्हटलं. सुटलो!

दारावर थापा पडल्या.

"आबा! दार उघडा! पाहुणे आलेत!" हर्षलचा आवाज.

आम्ही धडपडत उठलो आणि कडी काढली. दारात हर्षल, त्याची आई कमलबाई, दीपमाला आणि नथ घातलेली धुरपदामावशी. मागे बांबू घेतलेलं अर्धं गाव. समोर आम्ही दोघं डोक्यापासून पायापर्यंत पांढरे! भुवयांना कापूस, मिशांना कापूस.

आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. गावाकडे बघत, परत आलेल्या आवाजात म्हणाले, "हाई दखा, आमना याही!"

आणि दीपमाला म्हणाली, "अहो, तुमचा निळा कोट कुठं गेला?"

ती बाई माझ्याशी पंचवीस वर्षं संसार करतेय, पण असा नेम तिनं कधी साधला नव्हता!

खांद्यावरचा हात निघाला. "कोट?" आबा म्हणाले. "कोनता कोट?"

"निळा. नवा शिवलाय. आणि काळा चष्माही होता."

आबांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. हातातल्या फोल्डरकडे पाहिलं. मागून शेळीवाल्याचा आवाज आला, "हाऊच तो! हाऊच सायेब!"

"मना मांगे लागना व्हतात ते तुम्हीच?"

"तुम्हाला गाव माहीत, म्हणून मी तुमच्या मागे..."

"मंग 'थांबा, थांबा' कसाले म्हनेत?"

"एकटा मागं राहीन म्हणून!"

आबांचा चेहरा लाल होत गेला. कापसामुळे तो जास्तच लाल दिसत होता. सगळ्या गावासमोर, घरच्यांसमोर, एका मिळमिळीत माणसाला भिऊन ते बैलगाडीवरून उडी मारून पळाले होते. मी दीपमालाकडे पाहिलं, ती पांढरी पडली होती. हर्षल जमिनीकडे बघत होता. मला जळगावात फोन हातात धरून बसलेली मोहिनी दिसायला लागली. चहा न पिता परत जाणं आता ठरलेलंच होतं.

तेव्हा मी बोललो. पलकनं शिकवलेलं एकही वाक्य आठवलं नाही, हनुवटी कुठे होती कुणास ठाऊक. "आबा, रागवा माझ्यावर. कोट होता तो उसना धीर होता. मी मुळातच भित्रा आहे, बरणीतल्या मेलेल्या सापाला भितो. पण माझी पोरगी माझ्यावर गेलेली नाही. ती कुणाला घाबरत नाही. तुम्हालाही नाही घाबरणार."

मग कमलबाईंनी तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले, पदर सुटला आणि त्या खो खो हसत सुटल्या. "मंग आनाच तिले! या मानूसले न घाबरनारं एक तरी मानूस घरमा पाहिजे!"

धुरपदामावशी हसली, तिची नथ घसरली. गाव हसलं. आबांनी सगळ्यांकडे डोळे वटारून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या मिशीवरचा कापूस हलला.

"चहा ठेव," ते कमलबाईंना म्हणाले. "याहीले साखर जास्त टाक. घाबरेल शे."

चहा आम्ही आतल्या खोलीत अंधारातच प्यायलो, कारण आबांच्या घरची वायर त्यांनीच ओढून काढली होती. माझ्यासमोर ती परत टाकायला ते तयार नव्हते. "नवं मीटर लेस," त्यांनी मोठ्या आवाजात जाहीर केलं. बाहेर मात्र आम्ही कप खाली ठेवायच्या आत गिरणी सुरू झाली. साखरपुड्याची तारीख ठरली. कोट त्या दिवशी सापडलाच नाही. पुढे कापूस गाडीत भरताना हर्षलला त्याची एक बाही दिसली.

इथं ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण परवा आबांचा फोन आला. आवाज पडलेला.

झालं होतं असं की, बोरदडीत एक माणूस आला. विटका टीशर्ट, पायात स्लीपर, खांद्याला कापडी पिशवी. गावानं आता धडा घेतलेला. कुणी दारं लावली नाहीत, कुणी आरोळी ठोकली नाही. गावातल्या मंदाबाईच्या मुलीसाठी स्थळ बघणं चाललंय, त्यातलाच हा पाहुणा, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आबांनी त्याला घरी नेलं, चहा पाजला, जेवू घातलं. आणि मग रंगून जाऊन माझी आणि त्यांची सगळी कथा सांगितली! नुसती सांगितली नाही, हातात बांबू घेऊन करून दाखवली. कुठल्या खांबावर कुणाचा आकडा, तो कसा काढला, परत कसा टाकला, मीटर येईपर्यंत आपला कसा चालू आहे, सगळं! पाहुणा पोट धरून हसला. हसता हसता त्यानं डोळे पुसले, पिशवीत हात घातला आणि ओळखपत्र बाहेर काढलं. वीज चोरी पकडणाऱ्या पथकाचं!

"बठ्ठा गावले दंड व्हयना, याही," आबा म्हणाले. "आन मी सोता त्याले वाढं! भाकर मोडीसन दिधी!"

"अरेरे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

"गावनी सभा व्हयनी. आते ठरेल शे. पाहुना ऱ्हावो का सायेब, आधार कार्ड दखाडाशिवाय कोनले पानी बी देवानं नही. लगीनले येश्यात तं बठ्ठा वऱ्हाडना कार्ड लई या. तुमनं तं पैलं!"

मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि आधार कार्ड शोधून काढलं. तेव्हापासून मी पुन्हा जरा घाबरलेलोच आहे. कारण त्या कार्डावरचा माझा फोटो तुम्ही पाहिला नाहीत. त्यात मी हुबेहूब खांबावर आकडा टाकताना पकडलेल्या माणसासारखा दिसतो!